फासे, बंदुका आणि कोंडाईबारीची चकोत्री

सुरत-धुळे रस्त्यावर नवापूर मागे टाकून पूर्वेला निघालात की विसरवाडी लागते, आणि विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट. विसरवाडीहूनच नंदुरबारचा फाटा फुटतो. बाहेरच्या माणसाच्या लक्षात गाव राहतं ते चहा-भज्यांमुळे आणि घाटात खोळंबलेल्या ट्रकांमुळे. या रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान आहे, तीन पिढ्यांचं. दुकानदाराला माल ओळखता यावा लागतो, गिऱ्हाईक ओळखता यावं लागतं. आमच्या आजोबांना त्याखेरीज तित्तिर ओळखता यावा लागे, कारण तोही एके काळी इथे विकायला येणारा माल होता. ज्वारीच्या पोत्यांशेजारी बांबूच्या कामट्यांचा पिंजरा टेकवून पारधी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

त्या धंद्याचा, तो करणाऱ्यांचा आणि त्या पाखराचा इतिहास मी लिहायला घेतला, कारण माझं एक मत पक्कं होत गेलं. आमच्या डोंगरातली पाखरं कमी झाली याचा आळ कायम फासे लावणाऱ्यावर येत राहिला. हिशेब तपासला तर खर्च भलत्याच खात्यावर टाकलेला दिसतो.

आधी पाखरं नीट पाहून घेऊ. आमच्याकडे नुसतं ‘तितूर’ म्हटलं की राखी तित्तिर. अंगावर बारीक आडव्या रेघा, गळ्याशी फिकट पिवळसर डाग आणि त्याला काळ्या रेघेची किनार, नराच्या पायाला अणकुचीदार आरी. पाव किलोच्या आसपास वजन. शेताचे बांध, बाभळीचं बन, काटेरी कुंपण, गावाकडची पडीक जमीन हे त्याचं घर. रात्री बाभळीवर चढून झोपतो, पहाटे उतरतो आणि असा काही ओरडतो की अर्धं गाव जागं व्हावं. दुसरा काळपट तित्तिर, पुस्तकं ज्याला रंगीत तित्तिर म्हणतात. अंगभर पांढरे ठिपके, तांबूस तोंड, लालसर पाय, आणि नराच्या पायाला आरी नाही. तो गवताचा. आषाढ-श्रावणात डोंगरउतारावर गवत वाढलं की नर एखाद्या खुंटावर किंवा वारुळावर चढून तासन् तास पत्रा घासल्यासारखा ओरडत राहतो. एरवी वर्षभर त्याचा पत्ता नसतो.

तिसरी चकोत्री. कोकणात तिला कोकत्रीही म्हणतात. इंग्रज शिकारी तिला दोन-दोन आऱ्यांचा तित्तिर म्हणत, कारण नराच्या एकेका पायाला एकाहून जास्त आऱ्या असतात आणि मादीलाही आरी असते. अर्धवट वाढलेल्या कोंबडीएवढा आकार, विटकरी तांबडा रंग, डोळ्याभोवती लाल उघडी कातडी, पाय लाल. हिला शेत नको, माळ नको. डोंगरातलं दाट रान, बांबूची बेटं, ओहोळाच्या कडेची झुडपं आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर, एवढं असेल तरच ती राहते. चाहूल लागली की उडत नाही, पळते. पळताना दिसली तर नशीब. बहुतेक वेळा पाचोळ्याची खसफस ऐकू येते, मग एक खडखडीत ओरडा, आणि संपलं. आपल्याकडे सह्याद्री आणि सातपुडा ही तिची जुनी ठिकाणं. कोंडाईबारी सह्याद्रीच्या अगदी उत्तरेकडच्या टोकाला आहे, म्हणून ती आमच्या वाट्याला आली.

ही तीन पाखरं म्हणजे तीन प्रकारच्या जमिनी. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता रस्ता. सुरत बंदराचा माल बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्ऱ्याकडे जायचा तो नवापूर-नंदुरबारवरून. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहीर ताव्हर्निये या वाटेने गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापलं गेलं. त्यात नवापूरचा मुक्काम आहे. विणकरांचं मोठं गाव, पण खरा व्यापार तांदळाचा, असं तो सांगतो. तांदूळ बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा आणि कस्तुरीसारखा सुवास, असं कौतुकही करतो. भाताच्या खाचरांचा हा मुलूख तेव्हापासून आहे, आणि भात कापल्यावर खाचरात उतरणारा तित्तिरही तेव्हापासून असणार. धुळ्याकडे जाणारे मात्र कोंडाईबारी चढत. बैलगाडीच्या काळात घाट उजेडी चढायचा आणि अंधाराआधी मुक्कामाला लागायचं, हा रिवाज. पायथ्याशी गाड्या सोडल्या जात, बैलांना वैरण, माणसांना मीठ-मिरची-तंबाखू लागे. आमच्या आजोबांनी दुकान टाकलं ते या मुक्कामाच्या भरवशावर.

गाडीवानाला तित्तिर दोन कामांसाठी हवा असे. एक खायला, हे उघड. दुसरं झुंजीसाठी. नर तित्तिराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही. त्याच्या या स्वभावावर माणसाने खेळ उभा केला. पाखरांच्या झुंजी आपल्याकडे जुन्या आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत, त्यात कोंबड्यांच्या आणि लावा पक्ष्यांच्या झुंजी आहेत, ससाण्याकडून पाखरं मारवण्याचा खेळही आहे. राजाची करमणूक झिरपत झिरपत गाडीतळावर पोचायला काही शतकं लागली, एवढंच. काही गाडीवान तर नुसते सोबतीला तित्तिर बाळगत. साटीखाली पिंजरा टांगलेला, त्यावर फडकं गुंडाळलेलं. पहाटे पाखरू बोललं की गाडी जुंपायची.

हे तित्तिर पुरवणारे फासेपारधी. पावसाळा सरला की त्यांची चार-सहा बिऱ्हाडं घाटाच्या पायथ्याशी उतरत. आजोबांच्या काळात दरवर्षी, वडिलांच्या काळात कधीमधी. मी शाळकरी असताना पाहिली ती शेवटची बिऱ्हाडं असावीत. त्यांच्यातला एक म्हातारा दुकानाच्या ओट्यावर बसून फासे वळायचा, आणि मला ते बघत बसायची मुभा होती.

घोड्याच्या शेपटीचा केस तो आधी पाण्यात भिजवून घ्यायचा. तीन-चार केस मांडीवर एकत्र वळून त्यांचा पीळ करायचा. टोकाला एवढीशी गाठ, गाठीतून दुसरं टोक ओढून घेतलं की सरकता फास तयार. असा एकेक फास बांबूच्या वीतभर काडीला बांधायचा. अशा पंचवीस-तीस काड्या एका दोरीत ओवलेल्या असत. दोरीसकट सगळं गुंडाळलं की काखेत मावेल एवढी चळत. रानात गेल्यावर काड्या जमिनीत रोवत जायचं, फास जमिनीपासून तित्तिराच्या मानेच्या उंचीवर उघडे ठेवायचे आणि मध्ये गवताच्या काड्या अशा पेरायच्या की पाखराला फासातूनच वाट दिसावी. केस काळा, गवत पिवळं. तरी दोन हातांवरून दिसत नसे.

मग पिंजऱ्यातला पाळलेला नर मध्यभागी ठेवायचा. त्याने हाक दिली की रानातला नर भांडायला चालून येतो. रागावलेलं पाखरू पायाखाली बघत नाही. पिंजऱ्यातला बोलला नाही तर म्हातारा स्वतः बोलायचा. ओठांवर हाताची ओंजळ धरून तो असा हुबेहूब आवाज काढायचा की आमच्या परसातल्या कोंबड्या माना वर करत. ‘शेठ, नराला शिव्या दिल्यासारखं बोलावं लागतं, मग येतो,’ असं तो आजोबांना सांगत असे. ‘आणि मादीला?’ असं मी एकदा मध्येच विचारलं, तर आजोबांनी मला आत पाठवलं.

या धंद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हाकेवर फशी पडतो तो बहुतेक नर. अंड्यावर बसलेली मादी या खेळात येत नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू या भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास केला. कोणी काय मारायचं याची या समाजांत वाटणी असल्याचं त्यांना दिसलं: पारध्यांकडे हरणं आणि पाखरं, नंदीवाल्यांकडे कुत्र्यांनी धरायची रानडुकरं-साळिंदरं, वैदूंकडे मुंगूस-खेकड्यांसारखी लहान जनावरं. पूर्वी फासात गाभण हरणी किंवा पाडस आलं तर पारधी ते सोडून देत, हीही नोंद त्यांनी केली आहे. ज्याचं पोट रानावर आहे तो पुढच्या सालाचं बियाणं मोडत नाही.

पण सरकारदरबारी पारधी म्हणजे चोर. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला तो उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यावरही पसरला. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, मेजर गंथॉर्प नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार’ जमातींवर पुस्तकच छापलं. जन्माला आलेलं पोर गुन्हेगार, त्याने हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. फासे लावणारा माणूस एका जागी बसला तर खाणार काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. हे कायदे स्वतंत्र भारतात १९५२ साली उठले. कपाळावरचा शिक्का त्यानंतरही उठला नाही. माझ्या लहानपणी गावात कोणाची कोंबडी नाहीशी झाली की पहिली धाव पारध्यांच्या पालांकडे असे, कोल्ह्याचं नाव नंतर निघे.

गंथॉर्पचं पुस्तक निघालं त्याच १८८२ सालात आमच्या मुलखातल्या पाखरांची पहिली व्यवस्थित यादी छापली गेली. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याच्या नोकरीतला मुलकी अधिकारी, खानदेशात नेमलेला. त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची ‘कच्ची यादी’ ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या दहाव्या खंडात दिली. यादीला त्याने कच्ची म्हटलं तरी काम पक्कं होतं, आणि ते बंदुकीने केलेलं होतं. त्या काळी दुर्बीण घेऊन पक्षी बघत बसण्याची रीत नव्हती. पक्षी ओळखायचा म्हणजे पाडायचा, सोलायचा, कातड्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, नर की मादी. रानात लपणारी चकोत्री कागदावर येण्याचा त्या काळी हाच रस्ता होता.

‘स्ट्रे फेदर्स’ चालवणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. आपण त्याला १८८५ साली काँग्रेस स्थापन करणारा म्हणून ओळखतो. त्याचं दुसरं आयुष्य पाखरांत गेलं. मार्शल या सहलेखकाबरोबर त्याने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले, १८७९ ते १८८१ या काळात. तित्तिर, लावे, चकोत्र्या सगळ्यांची चित्रं आणि माहिती त्यात आहे. त्याचं पुढचं मोठं पुस्तक मात्र झालंच नाही. सिमल्याच्या घरातून त्याची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावात विकली. किराणा दुकानदार म्हणून ही हकिकत वाचताना मी दचकलो. रद्दीत काय येईल सांगता येत नाही; गूळ-शेंगदाण्याच्या पुड्या बांधताना आम्हीही कोणाकोणाची आयुष्यं फाडली असतील. त्या धक्क्यानंतर ह्यूमचं पाखरांतलं मन उडालं आणि त्याने आपला संग्रह, सुमारे ८०,००० नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांची पुढची गोष्ट आमच्या जिल्ह्याशी थेट जोडलेली आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने खानदेशात रानपिंगळा मिळवला होता. हा पिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसला नाही, असंच धरून चाललं होतं. मध्ये एकच नमुना असा होता की ज्याच्यावर १९१४ ची तारीख आणि गुजरातेतल्या मांडवीचं नाव होतं. तो दिला होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन याने. लष्करातला बडा अधिकारी, पक्षितज्ज्ञ म्हणून दबदबा, १९५४ साली २०,००० नमुन्यांचा संग्रह म्युझियमला भेट देणारा. अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन हिने त्या नमुन्याचे टाके, कापूस, हाडं तपासली आणि लक्षात आलं की हा डेव्हिडसनच्या हातचा पक्षी आहे. कर्नलने तो म्युझियममधून उचलला, पुन्हा शिवला, खोटी चिठ्ठी लावली आणि आपला म्हणून परत दिला. रासमुसेन आणि तिचा सहलेखक कॉलर यांनी हे १९९९ मध्ये छापून मांडलं. त्याआधी मांडवीचा खोटा पत्ता बाजूला ठेवून डेव्हिडसनच्या खऱ्या मुलखात शोध घेतला गेला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.

आता दोन खाती शेजारी ठेवा. घोड्याच्या केसांच्या फासाने दोन तित्तिर धरून मीठ-पीठ घेणारा माणूस जन्मजात चोर, आणि त्याच्या पोरांचीही हजेरी. आमच्या डोंगरातल्या पाखराचं कातडं दोनदा लुबाडणारा, आधी वस्तू आणि मग तिचा पत्ता, तो कर्नल मात्र जिवंत असेपर्यंत सन्मानाने राहिला. म्युझियमने एकदा त्याला अठरा महिने दालनात येऊ दिलं नव्हतं, यापलीकडे शिक्षा नाही. रागाने लिहीत नाही; नोंद करतो आहे.

पाखरांसाठी कायदे झाले ते असे. १८८७ च्या कायद्याने विणीच्या हंगामात रानपाखरं बाळगण्या-विकण्यावर शहरांतून बंदी घालण्याची सोय झाली. १९१२ मध्ये त्याजागी व्यापक कायदा आला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा केला. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्याने झुंजी बंद झाल्या, निदान उघड्यावरच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही काही वर्षं परवाना काढून लहान शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपलं. आज तित्तिर फासात धरणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो असावा याबद्दल मला शंका नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. शंभर-दीडशे वर्षं ज्याला धरलं, विकलं, झुंजवलं, खाल्लं, तो राखी तित्तिर आज विसरवाडीत कसा आहे? भरपूर आहे. पहाटे दुकानाचं शटर उघडायच्या आत हायवेपलीकडच्या बाभळींतून त्याची हाक येते. आणि जिला पारधी फारसा हात लावत नव्हता, ती चकोत्री कुठे आहे? ओट्यावरचा तो म्हातारा म्हणायचा की चकोत्री पिंजऱ्यात बोलत नाही, भांडत नाही, धास्तीने मरते. तिला धरून काय करायचं? बाजारात तिला भाव नव्हता. तरी पायथ्याजवळच्या ज्या ओहोळांत माझ्या तरुणपणी तिची खडखड ऐकू येई, तिथे आता ती नाही. ऐकायची तर घाटातल्या आतल्या घळीत जावं लागतं. फास हे कारण असतं, तर हिशेब उलटा यायला हवा होता.

रानाचं काय झालं ते बघू. १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे आली. चिंचपाड्याला स्टेशन झालं, आणि घाटातलं लाकूड गाडीवानांच्या वेगाने न जाता वॅगनच्या वेगाने जाऊ लागलं. राखीव जंगलाच्या हद्दी त्याआधीच आखून झाल्या होत्या. साग सरकारचा, मावची-कोकणी आदिवासी माणूस आपल्याच डोंगरात उपरा. १९४७ नंतर मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, ठेकेदाराच्या तावडीतून मजूर सुटला, पण कूप तोडणी सुरूच राहिली. १९७२ च्या सुमारास उकाई धरण पूर्ण झालं, तापीकाठची गावं उठली, माणसं वर सरकली. पोटासाठी डोंगरउतारावर नेवाड, म्हणजे रान तोडून केलेली शेती, काढली गेली. ज्यांच्या पूर्वजांनी ते रान राखलं त्यांना नेवाडासाठी दंड भरावा लागला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत त्यांचा कागद झाला नाही. यात मी कोणा एकाला आरोपी करत नाही. मी फक्त पाखराच्या बाजूने बघतो. उंच झाड गेल्याने चकोत्रीचं फार अडत नाही. तिचं अडतं ते खालचं झुडूप आणि पाचोळा गेल्याने.

हे मला शिकवलं ते घाटाकडच्या पाड्यावरच्या एका मावची मामांनी. दुकानात मोह घालायला येत, बसत, बोलत. एका माघात त्यांनी मला घळीत नेलं. बांबूच्या बेटाखाली पाचोळा ताटाएवढ्या जागेत उकरलेला होता, खालची ओली माती वर आलेली. ‘बघा शेठ, सकाळी इथे होती.’ पाचोळा त्यांनी बोटांनी बाजूला केला. आत वाळवीची बारीक घरं, किड्यांच्या अळ्या, टेंभुरणीच्या बिया. ‘हे तिचं दुकान. तुमच्या दुकानाला आग लागली तर तुम्ही राहाल का?’ थोडं पुढे, दोन दगडांच्या आडोशाला त्यांनी बोटाने एक खळगा दाखवला, हात लावू दिला नाही. पाचोळ्यातच बसवलेली, फिकट बदामी रंगाची तीन अंडी. चकोत्री तीन ते पाच अंडी घालते, आणि तिच्या विणीचा मुख्य काळ पौष-माघापासून ज्येष्ठापर्यंत.

आणि मोहाचं फूल पडतं फाल्गुन-चैत्रात. मोह वेचायचा तर झाडाखालची जमीन स्वच्छ हवी. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे काडी. झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, तो वाऱ्याने शेजारी जातो, शेजारचा घळीत उतरतो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. घाटातून बिडी फेकणारा ट्रक ड्रायव्हर असतोच. दरसाल आगीची तारीख आणि अंड्यांची तारीख एकच पडते. काळपट तित्तिर पावसात वीण करतो म्हणून आगीतून सुटतो; त्याला चराई नडते. राखी तित्तिर वर्षभरात केव्हाही, बांधाच्या काट्यात, कधी सहा तर कधी नऊ अंडी घालतो. एक वीण गेली तर दुसरी. शेत वाढलं, रस्ता रुंद झाला, कडेला बाभळी-झुडपं आली, तसं त्याचं राज्य वाढलं. घाणेरीची जाळी सगळे शिव्या घालण्याच्या लायकीची समजतात, पण जळक्या उतारावर कुठे चकोत्री तग धरून असेल तर त्या जाळीतच, हेही मामांनी दाखवलं.

माणसाला दोषी शोधायची घाई असते, याचा एक मासला आम्ही जवळून पाहिला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्या नवापुरात, पोल्ट्रीच्या शेडमध्ये. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, नवापूरचं नाव जगभर गेलं, धंदा बसला. त्या दिवसांत लोक झाडावरच्या पाखराकडेही संशयाने बघत. दुकानामागे दाणे टिपायला येणाऱ्या तित्तिरांना दगड मारणारी पोरं मी हाकलली आहेत. २०२१ मध्ये नवापुरात तो रोग पुन्हा आला, पुन्हा तेच. दाटीवाटीने भरलेल्या शेडपेक्षा मोकळ्या पाखरावर बोट दाखवणं सोपं असतं.

जगाच्या यादीत ही तिन्ही पाखरं आज धोक्यातली नाहीत. मला जग नको, मला कोंडाईबारी हवी. पारध्यांकडूनही शिकण्यासारखं आहे. अकोला-वाशिमकडे फासेपारधी समाजातल्या मंडळींनी तणमोर आणि त्याचं माळरान राखण्याच्या कामात पुढाकार घेतला. ज्यांना पाखराची वाट ठाऊक, त्यांनाच राखणीला बसवलं, हे शहाणपण. आमच्या डोंगरात राखणीचा अधिकार आता सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडे आहे. जाळरेषा काढणं, चैत्रात दोन माणसं घळीच्या तोंडाशी बसवणं हे त्यांच्या हातात आहे, आणि काही पाड्यांवर ते होतंही.

माझ्या हातात आहे तो भाव. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरून वेचलेलं फूल स्वच्छ येतं. त्यात राख नसते, माती नसते, वजनात तूट येत नाही, ते टिकतंही जास्त. काडी लावून वेचलेलं फूल नखभर काजळी घेऊनच येतं. दोन्ही ढीग एकाच भावात घेण्याची आमच्या दुकानाची पूर्वापार रीत होती. ती मी मोडली आहे. जाळीवरच्या मोहाला आम्ही किलोमागे जास्त देतो, आणि का देतो ते मोजताना सांगतो. पहिल्या साली लोक हसले, नंतर दुकानातल्या जुन्या साड्यांच्या गठ्ठ्याची चौकशी करू लागले. पारध्यांवर खटले भरून दीडशे वर्षांत चकोत्रीचं भलं झालं नाही. भावातल्या फरकाने होतं का, ते पाहायला हरकत नाही.